न वाकलेला गर्डर

मी एक जुना गर्डर आहे, हे माझ्याकडे बघून कोणीही सांगेल. मी आगीतून निघालो आहे हेही सांगेल, कारण माझं पूर्वेकडचं टोक अजून काळं आणि खरबरीत आहे. तिसरी एक गोष्ट मात्र बघून कळत नाही. मित्रांनो, तेवढी सांगण्यासाठी मी बोलतो आहे. बाकी माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं फार नाही.

माझा जन्म एका मोठ्या भट्टीत झाला. लालभडक असताना मला जाड फिरत्या रुळांमधून दाबून काढलं आणि लांब केलं. वर एक रुंद पट्टी, खाली तशीच एक पट्टी, आणि दोघींना धरून ठेवणारी मधली उभी पट्टी, असा माझा आकार झाला. अंगावर कारखान्याची अक्षरं उठवलेली होती, ती पुढे गंजून गेली. त्यामुळे मी कोणत्या देशाचा आणि माझ्यात काय काय घातलं होतं, हे आज कोणालाच माहीत नाही.

मोठं युद्ध चालू होतं तेव्हा मी बोटीतून सामोआला आलो. सैनिकांनी उपोलू बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, मातालुआ गावापाशी, बोटी लागायला धक्का बांधला. त्यात मी होतो. युद्ध संपलं, सैनिक गेले. पुढे एका वादळात धक्काही गेला आणि मी वर वाळूत येऊन पडलो. गावकरी माझ्यावर बसून नारळ सोलायचे, माझ्या कडेवर कोयते घासायचे. अशी बरीच वर्षं गेली. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. चांगलंही वाटत नव्हतं.

मग एक दिवस पेनिना आली. ती गावातल्या बायकांच्या मंडळाची प्रमुख होती. केवड्याच्या पानांच्या बारीक चटया विणणं हे त्या मंडळाचं काम. लग्न असो, मयत असो, आमच्याकडे चटयांशिवाय काही होत नाही. बायका कोणाच्या तरी घरी दाटीवाटीने बसून विणायच्या. पेनिनाला त्यांच्यासाठी एक मोठी जागा बांधायची होती. तिच्याबरोबर तिचा नवरा इआकोपो होता. तो सुतारकाम करायचा आणि चर्चची घंटा वाजवायचा.

ही घंटा पितळेची नाही. गॅसची एक रिकामी टाकी नीरफणसाच्या फांदीला टांगलेली आहे. तिच्यावर लोखंडी कांब मारली की आवाज गावभर जातो. आसपासच्या गावांतही तसंच आहे. टाकी चांगली की वाईट, हे वाजवून ठरतं. म्हणून आमच्याकडे लोक लोखंड डोळ्यांनी बघत नाहीत, कानांनी बघतात. कढई घ्यायची तर वाजवायची, कुऱ्हाड घ्यायची तर वाजवायची. आणि इआकोपोच्या कानाला तर दुसऱ्या गावांहून बोलावणं यायचं.

"हाच पाहिजे," पेनिना मला बघून म्हणाली.

"याच्यावर गाव नारळ सोलतं," इआकोपो म्हणाला.

"म्हणून तर. इतके नारळ खाऊन हा इतका लांब झालाय. आता जरा कामाला लावू."

त्याने कांब काढून मला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाजवलं. डोळे मिटून ऐकलं. म्हणाला, "चांगला आहे."

"ते मला दिसतंच आहे. मी विचारत होते, भिंतीपासून भिंतीपर्यंत पुरेल का? मध्ये खांब नको मला. खांब आला की चटई वळवावी लागते, आणि चटई वळली की बायका भांडतात."

मी पुरलो. गावातल्या तरुणांनी मला खांद्यावर घेतलं. गावचा मानकरी सेउमालो काठी टेकून पुढे चालत होता. सभेत गावाच्या वतीने तोच बोलायचा.

"हळू रे पोरांनो," तो म्हणाला. "तुमच्या सासूपेक्षा जड आहे हा."

"सासू इतकी गप्प नसते, मानकरी," मागून कोणीतरी म्हणालं.

दोन्ही बाजूंच्या सिमेंटच्या खांबांवर मला ठेवलं. चर्चला लावून उरलेला निळा रंग पेनिनाने मला स्वतः लावला. इआकोपो खाली शिडी धरून उभा होता.

"डावीकडे राहिलंय," तो म्हणाला.

"वर मी आहे का तू?"

"मी नुसतं सांगतोय."

"सांगू नको. धर."

माझ्यावर जस्ताच्या पत्र्याचं छप्पर आलं आणि खाली बायका बसू लागल्या. मित्रांनो, मला त्या वर्षांबद्दल विचाराल तर मी एवढंच सांगेन की भार होता आणि मी तो धरला. खाली हसणं चालायचं. पेनिना सगळ्यांच्या आधी यायची आणि सगळ्यांच्या नंतर जायची. जाताना वर बघून म्हणायची, "उद्यापण थांब रे." लोक म्हणायचे, असा मजबूत गर्डर आख्ख्या किनाऱ्यावर नाही.

पेनिनाच्या रक्तात साखर वाढली होती. मग तिची मूत्रपिंडं गेली. रक्त शुद्ध करून घ्यायला ती बसने राजधानीला, आपियाला जायची आणि संध्याकाळी परत यायची. घरी जायच्या आधी माझ्याखाली येऊन बसायची. विणायची नाही. चटईवर नुसता हात फिरवायची. पुढे ती यायची बंद झाली.

तिला घरासमोर पुरलं. आमच्याकडे आपली माणसं घरासमोरच असतात. मयतीला गावोगावच्या चटया आल्या, रीतीप्रमाणे त्यांतल्या बऱ्याच परत दिल्या. उरलेल्या माझ्या पूर्वेकडच्या टोकाखाली फळ्यांवर रचून ठेवल्या. तिची मुलगी सालोमे मंडळाची प्रमुख झाली.

इआकोपोने घंटा वेळेवर वाजवली. मयतीच्या दिवशीही त्यानेच वाजवली. सेउमालो सभेत म्हणाला, "माणूस बघा. तसूभर हलला नाही." तेव्हापासून गावाने त्याला जास्त कामं दिली. चर्चचं छप्पर त्याच्याकडे, शेजारच्या गावची होडी त्याच्याकडे, दुसऱ्या कोणाच्या घरी मयत झाली तर शवपेटीही त्याच्याकडे. तो सगळं करायचा. कोणी विचारलं, कसा आहेस, तर म्हणायचा, "बरा आहे." मग विचारणारा आपल्या कामाला लागायचा.

आग रविवारी लागली. रविवारी सकाळी घरोघरी उमू लावतात. दगड तापवायचे, त्यांवर अळूचे कांदे, नीरफणस, मासे ठेवायचे, वरून पानं झाकायची आणि चर्चला जायचं. त्या दिवशी वारा फिरला. एक ठिणगी बाजूच्या झोपडीच्या झावळ्यांत गेली, तिथून आमच्याकडे आली. केवड्याची वाळलेली पानं किती पटकन पेटतात, ते आमच्या बायकांना ठाऊक आहे. फळ्यांवरचा ढीग पेटला आणि माझं पूर्वेचं टोक लाल झालं. मग ते आणखी तापून नारिंगी झालं. पत्र्यावरचं जस्त वितळून माझ्यावर ठिबकत होतं. थोड्या वेळाने पत्रे खाली आले.

इआकोपो घंटा वाजवत होता. लोक चर्चमधून पळत आले. तरुणांनी ओढ्यापासून रांग केली आणि बादल्या मारल्या. जिथे सगळ्यांत लाल दिसत होतं तिथे सगळ्यांत जास्त पाणी मारलं. त्यांची चूक नव्हती. लाल दिसलं की माणूस तिथेच पाणी मारतो. पाणी पडल्यावर मी मोठ्याने ओरडलो, असं लोक म्हणतात. मला आठवत नाही. मला काही वाटल्याचंही आठवत नाही.

धूर गेल्यावर सगळ्यांनी वर पाहिलं. छप्पर नव्हतं, चटया नव्हत्या. मी होतो आणि सरळ होतो.

"वाकला नाही," सेउमालो म्हणाला. त्याने टोपी काढली. "बघा रे. वाकला नाही."

लोकांनी मला जितकं त्या दिवशी वाखाणलं तितकं आधी कधी वाखाणलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सभेत ठरलं की याच गर्डरवर नवं छप्पर घालायचं. फक्त इआकोपोने एकदा ऐकून सांगावं. इआकोपो शिडीवर चढला. पश्चिमेच्या टोकाला आगीची झळ कमी लागली होती, तिथे पेनिनाचा निळा रंग हातभर शिल्लक होता. त्याने तिथून सुरुवात केली. मी वाजलो. मधोमध वाजलो. जळालेल्या टोकालाही वाजलो, आणि तिथे तर जास्त स्वच्छ वाजलो.

"बरा आहे," तो म्हणाला.

सरकार पत्रे द्यायला तयार होतं, पण आधी गर्डर तपासून घ्या म्हणालं. म्हणून आपियाहून लुपे आली. ती इंजिनीयर होती. गुडघ्यापर्यंत चिखल, काखेत एक पेटी. तिने माझ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणली.

"सरळ आहे," ती म्हणाली.

"ते आम्हाला दोरीशिवाय दिसलं होतं," सेउमालो म्हणाला. खाली बसलेल्या बायका हसल्या.

"हो मानकरी. पण माझ्या साहेबाला दोरीशिवाय दिसत नाही."

मग तिने जुने बोल्ट काढून बाजूला टाकायला सांगितले. आगीतला बोल्ट परत वापरायचा नाही, म्हणाली. त्यावर कोणी वाद घातला नाही. नंतर तिने कानशीने माझं अंग जागोजागी चकचकीत केलं आणि एक छोटं यंत्र टेकवलं. त्यातली गोळी माझ्यावर आपटून उडायची आणि यंत्र आकडा दाखवायचं. निळ्या टोकाशी ती काही बोलली नाही. काळ्या टोकाशी तिने तीच जागा पुन्हा पुन्हा तपासली.

"काका, इथे हा फार कडक झालाय," ती इआकोपोला म्हणाली.

"मग चांगलंच आहे की."

"तुमच्या कोयत्याला लोहार पाणी देतो ना? लाल करतो आणि पाण्यात बुडवतो. धार टिकते. पण तोच कोयता दगडावर आपटला तर?"

"तुकडा उडतो."

"इथे तसंच झालं असेल असं मला वाटतं. हा जुना आहे, आताच्या पोलादासारखा नाही. लाल असताना त्याच्यावर पाणी पडलं. आणि आतलं म्हणाल तर, इतकी धग बसली की आतले कण मोठे होतात आणि लोखंड चटकन तुटतं. वरून काही दिसत नाही."

"पोरी," इआकोपो म्हणाला, "मी जन्मभर लोखंड ऐकत आलोय. तो वाजतो."

"वाजतो म्हणजे आत तडा नाही, एवढंच. काचेचा पेलाही वाजतो."

"मग पेला वाईट?"

"पेला छान. त्याच्यावर छप्पर नका घालू, एवढंच."

बायका पुन्हा हसल्या, पण या वेळी कमी. लुपे म्हणाली की खात्री करायची एकच रीत आहे. काळ्या टोकातून तळहाताएवढा तुकडा कापायचा आणि ऑकलंडच्या प्रयोगशाळेत पाठवायचा. तिथे तो मोडून बघतात.

"काप," इआकोपो म्हणाला.

"आणि तेवढाच या टोकातून." तिने निळ्या रंगावर बोट ठेवलं.

"ते टोक जळालेलं नाही."

"म्हणूनच. जळालेला तुकडा एकटा काय सांगणार? आधी हा कसा होता ते कळलं, तरच याचं काय झालं ते कळेल."

"आधी कसा होता ते मी सांगतो तुला," इआकोपो म्हणाला. आवाज चढला नाही. "तिथे करवत लावायची नाही."

तो रंग कोणी लावला होता, हे लुपे सोडून तिथल्या सगळ्यांना माहीत होतं. सेउमालोने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. गाव इआकोपोच्या बाजूने होतं. त्याने नाही म्हटलं असतं तर लुपे परत गेली असती आणि गावाने आपले पत्रे आपण आणले असते. माझ्यावर पुन्हा छप्पर चढलं असतं.

तेव्हा सालोमे बोलली. ती खाली राखेजवळ बसून खिळे वेचत होती.

"बाबा, याच्याखाली आम्ही बसणार आहोत. तुम्ही तर घंटेपाशी असता."

"तुला काय वाटतं, मी तुमच्यावर छप्पर पाडीन?"

"तुम्ही नाही पाडणार. तो पाडेल. तुमचा कान बरोबर असेलही, पण बसणार आम्ही. आणि आईने याला रंग छप्पर टिकावं म्हणून लावला होता. मिठी मारून बसायला नव्हता लावला."

इआकोपोने लुपेला विचारलं, "कशाने कापतेस?"

"करवतीने. हळूहळू, पाणी सोडत. गॅसने कापलं तर पुन्हा तापेल आणि खोटं सांगेल."

मला खाली उतरवलं. करवत चालू असताना इआकोपोने माझं निळं टोक दोन्ही हातांनी धरून ठेवलं. धरायची गरज नव्हती, मी ओंडक्यांवर नीट ठेवलेला होतो. लुपेने त्याला तसं सांगितलं नाही.

तुकडे गेले. ऑकलंडला काय झालं ते मी पाहिलं नाही, लुपेने परत येऊन सांगितलं ते सांगतो. तुकड्यातून बोटाएवढ्या कांड्या काढतात. प्रत्येक कांडीला मधोमध छोटीशी खाच पाडतात. मग झोपाळ्यासारखा टांगलेला जड हातोडा वरून सोडतात. तो कांडी मोडून पलीकडे जातो. कांडी चिवट असेल तर हातोड्याची ताकद खाऊन टाकते आणि तो पलीकडे थोडाच वर चढतो. कांडी ठिसूळ असेल तर हातोड्याला ती वाटेत होती हेही कळत नाही.

लुपेने खिशातून मोडलेल्या कांड्या काढल्या आणि इआकोपोच्या हातावर ठेवल्या. गाव भोवती उभं होतं.

"ही निळ्या टोकातली," ती म्हणाली. मोडलेली जागा करडी होती, अळूचा देठ पिळून तोडावा तशी तंतू तंतू झालेली, आणि कांडी तिथे वाकलेली होती. "ही मोडायच्या आधी वाकली. आणि ही काळ्या टोकातली. ही वाकलीच नाही."

दुसरी कांडी सपाट तुटली होती. तुटलेली जागा मिठासारखी चकाकत होती.

"वाकला नाही म्हणून आपण खूश होतो," सालोमे म्हणाली.

इआकोपोने दोन्ही कांड्या दोन हातांत घेतल्या. बोटांच्या टोकांत हलक्या धरल्या आणि खिळ्याने आधी एक वाजवली, मग दुसरी. पुन्हा एक, पुन्हा दुसरी.

"सारख्याच वाजतात," तो म्हणाला.

"हो," लुपे म्हणाली.

"मग मला कसं कळणार होतं?"

"नसतं कळलं, काका. ठिसूळपणाला आवाज नसतो. एरवी तो शंभर वर्षं उभा राहतो. एखाद्या दिवशी वादळ येतं, नाहीतर भूकंपाचा एक धक्का, आणि जिथे छोटीशी खाच असेल तिथे तुटतो. आधी सांगत नाही."

इआकोपो सेउमालोकडे वळला. "मानकरी, हा वर जाणार नाही. मी बरा म्हणालो होतो. तो बरा नाही."

सेउमालोला भाषण करायची सवय. त्या दिवशी त्याने नुसती मान हलवली.

नवा गर्डर बोटीने येणार होता. तोवर बायका चर्चच्या पडवीत बसणार होत्या. मला ओंडक्यांवरून काढून इआकोपोच्या घराच्या बाजूला जमिनीवर ठेवलं. माझ्यावर आता काही नाही. बायका माझ्यावर केवड्याची पानं वाळत घालतात, ती फार हलकी असतात.

लुपे कांड्या घेऊन आली त्या संध्याकाळी प्रार्थनेनंतर इआकोपो माझ्यावर येऊन बसला. सालोमे बाहेर आली. तिने रोजच्यासारखं विचारलं, "कसे आहात बाबा?"

इआकोपोने हात गुडघ्यांवर ठेवले. मग म्हणाला, "माहीत नाही. बघावं लागेल."

सालोमे घरात जात होती, ती थांबली. मग त्याच्या शेजारी बसली. पाद्रीबाबांनी पडवीच्या छपराबद्दल विचारायला माणूस पाठवला होता. सालोमेने त्याला सांगितलं, "आज नाही. दुसऱ्या कोणाला तरी सांगा." तो माणूस गेला. दुसऱ्या कोणीतरी ते काम केलं.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. आगीतून निघालेली वस्तू सरळ दिसली, तिचा आवाज नीट आला, म्हणून तिच्यावर लगेच छप्पर घालू नका. वस्तू असेल तर तुकडा कापून बघता येतो. माणूस असेल तर कापता येत नाही. तिथे शेजारी बसून विचारावं लागतं. 'बरा आहे' असं उत्तर येईल. ते ऐकून लगेच उठू नका.